धोंडो

धोंडो : मराठी पुरुषनाम. मूळ शब्द ‘धोंडा’, म्हणजे मोठा, ओबडधोबड दगड. इतर रूपे धोंडू, धोंडिबा, धोंडीराम, धोंडजी, आदरार्थी धोंडोपंत. स्त्रियांत धोंडूबाई, धोंडाबाई. आद्याक्षर ‘धों.’ असे लिहितात. एकेकाळी कोकणापासून मराठवाड्यापर्यंत ऐकू येणारे हे नाव आता क्वचितच ठेवले जाते.

नावाची घडण जुनी आहे. नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, केशवाचा केसो, विश्वनाथाचा विसो अशी ओकारान्त नावे शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत जागोजागी भेटतात. शिवाजी महाराजांचे पेशवे मोरो त्रिंबक पिंगळे, म्हणजेच मोरोपंत, हे त्यांतले सर्वांच्या ओळखीचे नाव. धोंडो त्याच साच्यातला. फरक एवढाच की नारो, मोरो, केसो यांच्या पाठीशी देव उभा आहे आणि धोंडोच्या पाठीशी नुसता दगड.

हा दगड आईबाप जाणूनबुजून निवडत. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास अर्भके पहिल्या वर्षातच दगावत. ज्या घरात दोन-तीन पाळणे असे रिकामे झाले, तिथे पुढचे मूल जन्मले की त्याचे कौतुक उघडपणे करायची भीती वाटे. काळाची आणि दृष्ट लावणाऱ्यांची नजर त्याच्यावर पडू नये म्हणून त्याला मुद्दाम हलके, टाकाऊ नाव दिले जाई. केरावर ठेवून उचलून घेतलेला तो केरू, उकिरड्यावरचा तो उकर्डा, भीक मागून मिळाल्यासारखा तो भिकू किंवा भिकाजी, मुलीसारखे नाक टोचलेला तो नथू. दगडू आणि धोंडू ही याच भावकीतली नावे. घरातल्या सर्वांत लाडक्या मुलाला सर्वांत ओबडधोबड नावाने हाक मारायची, ही त्या आयांची माया होती आणि धास्तीही.

या भावकीत धोंडोचे स्थान जरा वेगळे आहे. केर फेकला जातो. धोंडा मात्र उन्हापावसात टिकून राहतो. शिवाय गावाच्या वेशीवरच्या धोंड्याला शेंदूर लागला की तोच म्हसोबा होतो आणि त्याला नवस बोलले जातात. त्यामुळे ‘कवडीमोल’ आणि ‘चिरंजीव’ असे दोन्ही अर्थ या एका नावात मावले.

दुसरा धागा पंचांगातला. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येणाऱ्या अधिक मासाला लोक धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात, अनारशांचे वाण देतात. या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू, धोंडिबा म्हणण्याची रीत होती. म्हणून केवळ नावावरून आधीची भावंडे गेली असतील असा तर्क करता येत नाही.

हे नाव सर्व थरांत चाले. टिपूच्या कैदेतून 1799 साली सुटून इंग्रजांविरुद्ध फौज उभारणारा आणि 10 सप्टेंबर 1800 रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी लढताना पडलेला धोंडजी वाघ. 1857च्या उठावातले नानासाहेब पेशवे, म्हणजे नाना धोंडोपंत, ज्यांना पकडून देणाऱ्यास इंग्रज सरकारने एक लाख रुपयांचे इनाम लावले होते. केसरबाई केरकरांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी (1927–2014). ‘काव्यविहारी’ या टोपणनावाने लिहिणारे कवी धोंडो वासुदेव गद्रे.

सर्वांत प्रसिद्ध अर्थातच महर्षी धोंडो केशव कर्वे. जन्म 18 एप्रिल 1858, निधन 9 नोव्हेंबर 1962. दीर्घायुष्यासाठी ठेवल्या जाणाऱ्या नावाचा मनुष्य 104 वर्षे जगला. 1896 साली अनाथ बालिकाश्रम, 1916 साली महिला विद्यापीठ आणि शंभराव्या वर्षी, 1958 साली, भारतरत्न असा त्यांचा प्रवास आहे.

साहित्यातला धोंडो म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’चा नायक धोंडो भिकाजी जोशी. मुंबईतला हा साधा कारकून स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही टाकाऊ नावे घेऊन येतो. त्याच्या मागची पिढ्यांची चाळ आणि कोकण ती दोन नावेच सांगून टाकतात. भावकीतल्या दगडूलाही साहित्यात जागा मिळाली आहे. ‘बलुतं’ (1978) लिहिणाऱ्या दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार, आणि पुस्तकात शिकलेला दया आणि गावातला दगडू एकमेकांसमोर बसतात.

बालमृत्यू घटले, शाळेच्या दाखल्यावरचे नाव जन्मभर सोबत राहू लागले, आणि धोंडो मागे पडला. तो पुष्कळदा उरला तो मधल्या नावात. संततिनियमनाचा प्रचार करणारे, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे वाचकांना र. धों. म्हणून ठाऊक आहेत. ‘रानातल्या कविता’ लिहिणारे नामदेव धोंडो महानोर (1942–2023) आयुष्यभर ना. धों. राहिले. या आद्याक्षरातला अनुस्वार जपूनच छापावा लागतो. तो गळला की नुसते ‘धो.’ उरते आणि वाचणाऱ्याला धोंडा दिसत नाही.