मनोरुग्ण वॉर्डातली सिस्टर आणि तिच्यावर उठणारा हात

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलात, तर तिथे १८८६ साली सुरू झालेले मनोरुग्णालय दिसेल. त्या काळी देशभर १८५८ चा कायदा लागू होता आणि अशा जागांमध्ये उपचारापेक्षा बंदोबस्तावर भर असे. गुणकारी औषधे नव्हतीच. रुग्ण खवळला की त्याला धरायचे, बांधायचे, कोंडायचे. सांभाळणाऱ्यांनाही मार बसे आणि तेही मारत.

हे चक्र तोडायचा एक जुना प्रयत्न पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात झाला. तिथला मुकादम प्यूसँ हा आधी त्याच रुग्णालयात गंडमाळेचा रुग्ण होता. रुग्णाने हात उगारला तरी उलट मारायचे नाही, असा त्याचा सेवकांना सक्त नियम होता. १७९७ मध्ये त्याने रुग्णांच्या साखळ्या काढल्या. श्रेय मात्र बरीच वर्षे डॉ. पिनेल यांना मिळत राहिले. आम्हा डॉक्टरांचे हे जुनेच आहे!

१९५२ नंतर क्लोरप्रोमॅझिन आले आणि वॉर्ड पुष्कळ शांत झाले. बहुतेक मनोरुग्ण कुणाला इजा करत नाहीत, हेही लक्षात ठेवा. पण भरतीचे पहिले दिवस, औषधाला नकार, बाहेर जाण्यास मज्जाव, अशा वेळी धोका वाढतो आणि समोर असते ती सिस्टर. आता २०१७ च्या कायद्याने साखळीला बंदी आहे. रुग्णाला बांधणे हा अगदी शेवटचा उपाय. शिक्षा म्हणून किंवा केवळ माणसे कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. हे योग्यच आहे. पण माणसे कमीच असतील, तर उरलेला भार सिस्टरच्या अंगावर पडतो.

आरोग्यसेवकांवर हल्ला केल्यास महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याच रुग्णावर तक्रार करायला मात्र सिस्टरचे मन धजत नाही. "त्याला काय कळतंय?" म्हणून ती गाल चोळत पुढचे इंजेक्शन भरते. झोप उडणे, त्याच खाटेजवळ जाताना छातीत धडधडणे, हे सारे ती मनातच ठेवते. खरे तर घटना नोंदवणे, त्याच दिवशी सहकाऱ्यांशी बोलणे, काही दिवस वॉर्ड बदलून मिळणे याने आधार मिळतो.

तुम्ही नातेवाईक म्हणून आलात, तर घरी त्याने कुणावर हात उचलला होता का, कशावरून चिडतो, हे भरतीच्या वेळीच सांगा. 'दाखल करून घेणार नाहीत' या भीतीने अनेकजण ते लपवतात, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला ते मार खाल्ल्यावर कळते.