बॉम जीजसचा गिलावा

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे पुण्यकर्मांच्या यादीतला आहे. काशी-सोमनाथ म्हटले की अहल्याबाईंचे नाव ओठांवर येते, आणि पडक्या वास्तूला हात लावणारा मनुष्य सत्कृत्यच करीत असला पाहिजे असे आपण गृहीत धरतो. तथापि जुन्या वास्तूंना उपेक्षेपासून जितका धोका असतो तितकाच तो कधी कधी उत्साही उद्धारकापासूनही असतो. याचे एक ठसठशीत उदाहरण आपल्या अगदी शेजारी, जुन्या गोव्यात, उभे आहे.

रजेवर घरी गेले असता गोव्याची एक फेरी मारून आलेल्या आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेही असेल. जुन्या गोव्याच्या रस्त्याच्या एका अंगाला से कॅथीड्रल हे पांढरेशुभ्र मंदिर आहे आणि समोरच्या अंगाला बॉम जीजस, म्हणजे बाळ येशूचे, तांबूस-काळपट मंदिर. पांढरे ते अलीकडचे आणि काळवंडलेले ते पुरातन, असा तर्क पाहणारा मनाशी करतो. वास्तविक क्रम उलटा आहे. से कॅथीड्रलचे काम १५६२ साली सुरू झाले, बॉम जीजसची कोनशिला १५९४ साली बसली. आणि बॉम जीजसच्या भिंतींचा तो पुरातन वाटणारा रंग तर १९५० च्या आसपासचा आहे. त्यापूर्वीची साडेतीन शतके या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो कोणा आक्रमकाने पाडला नाही की पावसाने धुऊन नेला नाही. तो सरकारी खर्चाने, जीर्णोद्धार म्हणून, खरवडून काढण्यात आला.

हे कसे घडले हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

देवळापूर्वी येथे घर उभे राहिले. जेजुइट संघाच्या पूर्ण व्रतस्थ साधूंसाठी बांधलेले हे निवासस्थान १५८५ साली पुरे झाले. अशा घराला ठरावीक उत्पन्न असू नये, भिक्षेवर व देणग्यांवर त्याने चालावे, असा त्या संघाचा नियम होता. शहरातील इतरांचा या बांधकामास कसून विरोध होता, तरीही ते झाले. पूर्वेकडच्या देशांत जाणारे जेजुइट प्रचारक याच घरातून बाहेर पडत. घराला लागून मंदिर उभारले गेले ते मात्र एका लष्करी अधिकाऱ्याच्या पैशातून. कोचीन व होर्मुझ येथे कप्तान राहिलेला दों जेरोनिमो मास्कारेन्यश १५९३ मध्ये मरण पावला, आणि त्याने मागे ठेवलेल्या द्रव्यातून हे काम झाले. परमुलखात कमावलेला पैसा परमुलखातच ठेवून जाणारा अंमलदार विरळाच. १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशु द मेनेझिश याच्या हस्ते मंदिराचा अभिषेक झाला. सुमारे १८३ फूट लांब, ५५ फूट रुंद आणि ६१ फूट उंच अशी ही वास्तू आहे.

पुढे घराच्या वाट्याला पुष्कळ काही आले. १६६३ साली आगीने त्याचा काही भाग जळाला. १७५९ साली पोर्तुगालच्या सत्तेनेच जेजुइटांना आपल्या मुलखातून हाकलले. जळलेले घर पुन्हा नीट बांधले गेले ते १७८३ साली, म्हणजे ज्यांचे ते होते ते निघून गेल्यावर. मंदिर टिकले, कारण त्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह होता व यात्रेकरूंचा राबता होता. ज्यांच्यामागे यात्रा नव्हती त्यांची गत काय झाली हे पाहावयाचे असेल तर जवळच्याच टेकडीवर जावे. १८३५ साली मठ बंद पडल्यावर सेंट ऑगस्टिनचे प्रचंड मंदिर ओस पडले. १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. उरलेला अर्धा मनोरा जांभ्याच्या ढिगाऱ्यात उभा आहे.

झेवियरच्या कथेत चुना एकदा येऊन गेला आहे. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर त्याला मृत्यू आला, तेव्हा देह लवकर झडून अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत कळीचा चुना भरण्यात आला होता. देह झडला नाही, आणि पुढची सारी श्रद्धा त्यातून निघाली. १५५४ साली तो गोव्यात आला. पुढे १६३७ च्या सुमारास चांदीची पेटी तयार झाली, आणि तिच्याखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फ्लॉरेन्सच्या जिओव्हानी बात्तिस्ता फोजिनी या शिल्पकाराकडून करवून धाडला, तो १६९८ साली जोडण्यात आला. गोव्यात गेलेला प्रवासी हे सारे डोळे भरून पाहतो. बाहेरच्या भिंतीकडे कोण पाहणार?

त्या भिंती जांभ्याच्या आहेत. कोकणातल्या माणसाला जांभा समजावून सांगण्याचे कारण नाही, परंतु आमच्या वाचकांत देशावरचे पुष्कळ आहेत. देशावरचा काळा पाषाण हा लाव्हा थिजून झालेला, घट्ट व पाण्याला दाद न देणारा. जांभा हा असाच खडक उन्हापावसाने शतकानुशतके कुजून, त्यातील विरघळणारे वाहून जाऊन, लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहून झालेला. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीने चिरा पाडता येतो, आणि वाऱ्यावर ठेवला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज सेवेतील डॉक्टराने मलबारात विटांसारखे कापले जाणारे हे दगड पाहून १८०७ मध्ये त्यांना विटेच्या लॅटिन नावावरून लॅटराइट असे नाव दिले. स्वस्त, हलका, हाताशी असलेला असा हा दगड, पण अंगभर छिद्रे. पाणी तो पितो.

म्हणूनच जांभ्याच्या घराला कोकणी मनुष्य मोठे छप्पर देतो. पाखे खाली ओढलेली, पुढे पडवी, आणि ज्या बाजूने पावसाची झड येते त्या बाजूला मृगापूर्वी झावळ्यांची झापे बांधलेली. भिंतीला पाणी लागूच नये ही त्यातील युक्ती. साठ फूट उंच सरळ भिंतीच्या देवळाला पडवी कोठून आणावयाची? पोर्तुगीज आराखडा आणि कोकणचा पाऊस यांची सोयरीक जुळविण्याचे काम चुन्याने केले. शिंपले भाजून केलेला चुना विझवून, वाळूत मळून भिंतीवर चढविला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषीत तो पुन्हा दगड होतो. पण हा दगड श्वास घेणारा असतो. पावसाचा मारा तो आपल्या अंगावर झेलतो आणि आत शिरलेली ओल उन्हाळ्यात बाहेर सोडतो. दर काही वर्षांनी तो झिजतो, मग त्यावर नवा हात मारावयाचा. झिजणे हेच त्याचे काम, जसे चपलेच्या तळव्याचे. गोव्याच्या बाजूला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इतक्या पावसात ज्यांनी शतकानुशतके चुना लावला ते केवळ शुभ्रतेचे शोकी नव्हते.

आता येतो तो १९५० चा सुमार. झेवियरच्या मृत्यूस १९५२ साली चारशे वर्षे पूर्ण व्हावयाची होती, देहाचे दर्शन उघडावयाचे होते, आणि त्या निमित्ताने जुन्या गोव्याची डागडुजी काढण्यात आली. कामासाठी लिस्बनहून बाल्ताझार द कास्त्रो हा वास्तुविद आला. पोर्तुगालच्या राष्ट्रीय इमारती व स्मारके यांच्या खात्यातील हा ज्येष्ठ अधिकारी. १९२९ साली स्थापन झालेल्या या खात्याचे एक ठाम धोरण होते. जुन्या वास्तूवर मागाहून चढलेले थर काढून टाकावयाचे आणि मूळचा, शुद्ध, मध्ययुगीन दगड उघडा करावयाचा. पोर्तुगालच्या उत्तर भागात हा प्रयोग शोभून दिसे, कारण तेथला दगड ग्रॅनाइट आहे. ग्रॅनाइटचे कपडे उतरविले तरी त्याला सर्दी होत नाही. कास्त्रोने तेच शास्त्र मांडवीच्या काठी जांभ्याला लावले, आणि बॉम जीजसच्या बाहेरच्या भिंती सोलून काढल्या. वास्तू अधिक प्राचीन दिसावी हा हेतू होता, आणि तो साधला यात शंका नाही.

ती प्राचीन दिसावी अशी निकड त्याच वेळी का लागली, हा प्रश्न आमच्या मते केवळ वास्तुशास्त्राचा नाही. १९४६ साली लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली होती. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता. १९५१ मध्ये पोर्तुगालने राज्यघटना बदलून आपल्या वसाहतींना सागरापलीकडील प्रांत असे नवे नाव दिले. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच फार जुना अवयव आहे, असे जगाला पटवून देण्याचे ते दिवस होते. १९६० साली, म्हणजे मुक्तीच्या अवघ्या एक वर्ष आधी, जुन्या गोव्यात कामोंइश या पोर्तुगीज महाकवीचा भव्य पुतळा उभारण्यात आला, तोही त्याच प्रयत्नाचा भाग. ज्याचा हक्क डळमळू लागतो तो जुने कागद बाहेर काढतो, आणि कागद कोरा दिसत असेल तर त्याला चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करतो. महसूल खात्यातील आमच्या वाचकांनी असे कागद पाहिले असतील. कास्त्रोच्या मनात हेच होते असे आम्ही म्हणत नाही. तो आपल्या खात्याच्या रीतीप्रमाणे वागला. परंतु त्याच्या मालकांना उघडा जांभा आवडला असल्यास नवल नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, या रीतीची चूक तोवर जगाला ठाऊक झालेली होती. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात गावोगावच्या जुन्या चर्चांचा उद्धार करण्याची लाट आली, तेव्हा आतल्या भिंतींचे गिलावे खरवडून दगड उघडे करण्याची फॅशन निघाली होती. तिला विटून विल्यम मॉरिस याने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक मंडळ काढले. त्याचे घरगुती नावच मुळी ‘खरवड-विरोधी’ असे पडले. गिलावा हा इमारतीवर चढलेला मळ नसून ती इमारतच आहे, हे त्या मंडळींचे सांगणे. लिस्बनच्या खात्यात ते पोहोचले नसावे, किंवा पोहोचूनही फायलीत राहिले असावे.

१९६१ नंतर ही वास्तू भारताच्या पुरातत्त्व खात्याकडे आली, १९८६ मध्ये जुन्या गोव्यातील चर्चे व मठ जागतिक वारशाच्या यादीत गेले. उघडा जांभा मात्र दर पावसाळ्यात भिजतच राहिला. २०२० साली मंदिराच्या व्यवस्थापनाने जाहीरपणे हाक दिली की दगड झिजत आहे, ओल आत येत आहे, गिलावा परत चढविल्याखेरीज गत्यंतर नाही. त्यावर जो वाद उसळला तो मोठा उद्बोधक आहे. ज्यांनी विरोध केला त्यांना आम्ही अडाणी म्हणणार नाही. गोव्यातील दोन-तीन पिढ्यांनी हे देऊळ तांबडेच पाहिले. त्यांच्या लग्नांच्या छायाचित्रांत, शाळेच्या पुस्तकांत, टपालाच्या चित्रांत ते तांबडे आहे. एका सरकारी वास्तुविदाने घडविलेला देखावा सत्तर वर्षांत लोकांची खरी आठवण होऊन बसला, आणि आता मूळ रूप परत आणणे हेच कित्येकांना विद्रूपीकरण वाटते.

आमचे मत विचाराल तर ते गिलाव्याच्या बाजूने आहे. आठवण मोठी खरी, पण ती टिकावी म्हणून तरी भिंत टिकली पाहिजे. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. आपल्याकडे गिलावा म्हटला की गवंडी सिमेंटचे पोते फोडतो. सिमेंट पाणी आत येऊ देत नाही हे खरे, पण तळातून चढलेली ओल बाहेरही जाऊ देत नाही. मग ती क्षारांसह मऊ दगडात कोंडते, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या कवचाआड जांभ्याचा भुगा होतो. कोल्हापुरापासून काशीपर्यंत किती देवळांना हे भोगावे लागत आहे हे सांगावयास नको. उघडा जांभा बरा, पण सिमेंट नको, असे म्हणण्याची पाळी यावी इतका हा अपाय मोठा आहे.

बॉम जीजसच्या दर्शनी भागाशी आपला एक जुना ऋणानुबंध आहे, तो जाता जाता सांगितला पाहिजे. त्या भागातील नक्षीचे काळे पाषाण वसईहून आणलेले आहेत. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा हे पाषाण गोव्यात जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता, आणि पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत जाऊन टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर १७०७ सालाची, मेरी व बाळ येशू कोरलेली अशी एक घंटा आजही पाहावयास मिळते. दगड दक्षिणेस गेला, धातू घाटावर आला. या काळ्या पाषाणाचे चारशेहून अधिक वर्षांच्या पावसाने फारसे काही बिघडविले नाही. त्याच्या शेजारच्या जांभ्याचे मात्र सत्तरच वर्षांत तोंड झिजले.

गिलावा परत चढवावयाचे कोणी कधी मनावर घेतले, तर अंदाजपत्रक करणाऱ्या अधिकाऱ्यास एक अडचण येईल. चुना विझवून भिजत ठेवावा लागतो, जितका मुरेल तितका बरा. मळण्यास वेळ लागतो, पातळ थरावर थर द्यावे लागतात, प्रत्येक थर सुकण्याची वाट पाहावी लागते, आणि हे सारे दोन पावसाळ्यांच्या मधल्या कोरड्या महिन्यांत बसवावे लागते. मार्चअखेर पैसे खर्ची पडलेच पाहिजेत या नियमात ते बसत नाही. शिवाय काही वर्षांनी पुन्हा हात फिरवावा लागणार, म्हणजे ती रक्कम दर खेपेस नव्याने मंजूर करून घ्यावी लागणार. जेजुइटांच्या घरातील भिक्षेकऱ्यांनी ती व्यवस्था कशी केली होती कोण जाणे, पण केली होती.