मूत्रातील प्रथिने आणि अधिवृक्क ग्रंथी

मूत्रातील प्रथिने आणि अधिवृक्क ग्रंथी : लघवीवाटे जाणारी प्रथिने व मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींचे कार्य यांतील परस्परसंबंध. निरोगी प्रौढाच्या लघवीतून दिवसाकाठी १५० मिग्रॅ.पेक्षा कमी प्रथिने जातात. त्यांत अल्ब्युमीन ३० मिग्रॅ.च्या आत असते; मोठा वाटा असतो तो मूत्रपिंडाच्या नलिकेतच तयार होणाऱ्या यूरोमोड्युलिनचा. अल्ब्युमीन ३०० मिग्रॅ.पलीकडे गेले, की मूत्रपिंडाची गाळणी बरीच बिघडली असे समजतात. एकूण प्रथिने साडेतीन ग्रॅमपेक्षा अधिक जाऊ लागली, रक्तातील अल्ब्युमीन उतरले आणि अंगावर सूज आली, तर त्या अवस्थेला नेफ्रॉटिक सिंड्रोम म्हणतात.

इतिहास : या विषयाच्या दोन्ही शाखा लंडनच्या गाय्‌ज रुग्णालयातल्या. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये तापवल्यावर साकळणारी लघवी, अंगावरची सूज आणि मूत्रपिंडाची विकृती यांची सांगड घातली. त्यांचे सहकारी टॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये अधिवृक्क ग्रंथींच्या नाशाने होणारा रोग वर्णिला. एका छताखाली काम होऊनही दोन्ही धागे जुळायला पुढे शंभर वर्षे लागली. १९५३ मध्ये सिल्व्हिया सिम्पसन, जेम्स टेट आणि राइखश्टाइन यांच्या गटांनी अधिवृक्कातील अल्डोस्टेरॉन हे हॉर्मोन वेगळे केले. १९५५ मध्ये अमेरिकेत जेरोम कॉन यांनी या हॉर्मोनाच्या अतिस्रावाचा रोग प्रसिद्ध केला.

अल्डोस्टेरॉन : अधिवृक्काच्या बाह्यकाचा सर्वांत बाहेरचा थर हे हॉर्मोन स्रवतो. त्याच्या प्रभावाने नलिकेतून सोडियम परत शोषले जाते व पोटॅशियम बाहेर टाकले जाते. स्राव अवाजवी वाढला, की रक्ताचे आकारमान व दाब वाढतो, केशिकागुच्छांवर ताण येतो आणि अल्ब्युमीन झिरपू लागते. सारा दोष दाबाचाच, की हॉर्मोन गाळणीच्या पेशींनाही थेट इजा करते, यावर एकमत नाही. थेट इजेच्या बाजूने उंदरांवरील प्रयोग नेहमी पुढे केले जातात. मूत्रपिंडाचा बराच भाग काढलेल्या उंदरांमध्ये अधिवृक्क ग्रंथीही काढल्यावर मूत्रपिंडाची हानी कमी झाली (१९९२). अशाच उंदरांना अँजिओटेन्सिनरोधक औषधे देऊन लघवीतील प्रथिने कमी केली आणि नंतर बाहेरून अल्डोस्टेरॉन दिले, तेव्हा ती पुन्हा वाढली (१९९६).

कॉनच्या रोगात गाठ असलेली ग्रंथी काढल्यावर अल्ब्युमीन बहुधा उतरते. त्याच सुमारास मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातील क्रिॲटिनीन मात्र काहींत वाढते आणि रुग्णाचे नातेवाईक घाबरतात. शस्त्रक्रियेने मूत्रपिंड बिघडले, असा त्याचा अर्थ नसतो. अतिगाळणीने झाकलेले जुने नुकसान तेवढे उघडे पडलेले असते.

मधुमेही मूत्रपिंडरोगात अल्डोस्टेरॉनचा ग्राही अडवणाऱ्या फिनेरेनोनची मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ५,७०० रुग्णांच्या या चाचणीत पहिल्या चार महिन्यांत लघवीतील अल्ब्युमीनचे प्रमाण, नुसती नकली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत, ३१ टक्क्यांनी अधिक घटले. स्पायरोनोलॅक्टोन हे याच गटातले जुने व स्वस्त औषध. दोन्हींत रक्तातील पोटॅशियमवर नजर ठेवावी लागते.

उलट दिशा : हा भाग पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत आटोपतात, तो तेवढा किरकोळ नाही. गळक्या गाळणीतून प्लाझ्मिनोजेन हे प्रथिनही लघवीत उतरते. तेथे त्याचे प्लाझ्मिन होते आणि ते नलिकेतील सोडियमच्या वाटा उघडते (२००९). ज्या वाटा एरवी अल्डोस्टेरॉन उघडते, त्याच या. म्हणजे अधिवृक्क गप्प असले तरी शरीरात मीठ साठते. नेफ्रॉटिक रुग्णाच्या सुजेचे हेच मुख्य कारण, की रक्तातील अल्ब्युमीन घटणे, हा वाद जुना आहे.

गळक्या प्रथिनांमुळे तपासणीतही गफलत होते. अधिवृक्काच्याच बाह्यकातील कॉर्टिसॉल हे हॉर्मोन रक्तात बहुतांशी एका वाहक प्रथिनाला बांधलेले असते. ते वाहक लघवीतून गेले, की एकूण कॉर्टिसॉलचा आकडा खाली येतो आणि ग्रंथी ठीक असताना ती निकामी वाटते. मुक्त कॉर्टिसॉल मोजता आले तर उलगडा होतो.

कॉर्टिसॉल : याच बाह्यकातील या हॉर्मोनाचे संश्लेषित भाऊबंद, विशेषतः प्रेडनिसोलोन, लहान मुलांच्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये प्रथिनांची गळती थांबवतात. बहुतेक मुलांना गुण येतो. पण दीर्घ उपचारांत मुलाची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी मंदावते. त्यामुळे गोळ्या एकाएकी बंद करू नयेत, आणि मोठे आजारपण किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा डॉक्टरांना त्याची आठवण करून द्यावी.

दोन्ही एकत्र बिघडणे : दीर्घकालीन क्षयासारख्या रोगात ॲमिलॉइड नावाचे प्रथिन मूत्रपिंडांत व अधिवृक्कांतही साचू शकते, भारतात क्षयाचे प्रमाण पाहता ही शक्यता लक्षात ठेवणे भाग आहे. एसजीपीएल-१ या जनुकातील दोषाने बालकांत नेफ्रॉटिक सिंड्रोम व अधिवृक्क-अपुरेपणा एकत्र आढळतो, हे २०१७ मध्ये कळले.

मध्यक : अधिवृक्काच्या या आतल्या भागातील फिओक्रोमोसायटोमा या गाठीत रक्तदाब भडकून लघवीत प्रथिने उतरू शकतात.