सुरतेच्या मंडपांतील चिठ्ठी

गोंदियाला लागून असलेलें फुलचूर हें गांव १९०७ सालीं मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. त्या वर्षींची राष्ट्रीय सभा याच प्रांतांत, नागपुरास, भरावयाची होती. ती भरली सुरतेस, आणि तेथें मोडली. या फुटीचें कारण म्हणून जहाल व मवाळ यांचा मतभेद सांगण्यांत येतो. तें खोटेंहि नाहीं. तथापि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार वा राष्ट्रीय शिक्षण यांपैकीं एकाहि ठरावावर त्या मंडपांत मतें घेण्याची पाळी आली नाहीं. सभा मोडली ती एका चिठ्ठीवरून. सभेंत कोणास बोलूं द्यावयाचें आणि हें ठरवावयाचें कोणीं, एवढाच त्या चिठ्ठीचा प्रश्न होता.

त्याचें बीज नागपुरासच पडलें होतें. स्वागतमंडळानें अध्यक्षाची निवड तीन-चतुर्थांश मतांनीं करावी, तितकीं मतें न पडल्यास मध्यवर्ती स्थायी मंडळानें निर्णय द्यावा, असा नियम १९०६ सालीं कलकत्त्यास झाला होता. नागपूरच्या जहालांस लोकमान्य टिळक अध्यक्ष हवे होते. नियम दिसावयास निःपक्षपाती. पण त्यानें अल्पमताच्या हातीं अडवणुकीचें शस्त्र दिलें, आणि अडवणूक झाली कीं निर्णय जेथें जावयाचा तेथें वजन मवाळांचें होतें. नागपूरच्या बैठकी गोंगाटांत बुडाल्या. अखेर मुंबईस सर फेरोजशहा मेहता यांच्या घरीं बैठक होऊन सभेचें स्थळच बदलण्यांत आलें.

२६ डिसेंबर रोजीं सुरतेस देवानबहादूर अंबालाल साकरलाल देसाई यांनीं डॉ. रासबिहारी घोष यांचें नांव अध्यक्षपदासाठीं सुचविलें. अनुमोदनास सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहतांच असा कल्लोळ उसळला कीं, तो घनगंभीर आवाजहि कोणास ऐकूं जाईना. स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांस काम थांबवावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं टिळकांनीं मालवींकडे चिठ्ठी धाडली: अध्यक्षाच्या निवडणुकीवर, अनुमोदन झाल्यानंतर, आपणांस बोलावयाचें आहे, काम तहकूब ठेवण्याची सूचना व तीबरोबर एक विधायक योजना मांडावयाची आहे. उत्तर आलें नाहीं. सुरेंद्रनाथांचें भाषण पुरें झालें, मोतीलाल नेहरूंनीं पुष्टि दिली, आणि मालवींनीं निवडणूक मंजूर झाल्याचें जाहीर केलें. टिळक व्यासपीठावर चढले. त्यांची सूचना नियमबाह्य आहे, असें त्यांस सांगण्यांत आलें. निवडणूकच रीतसर झालेली नाहीं, तेव्हां आपण प्रतिनिधींकडेच दाद मागूं, असें म्हणून ते हातांची घडी घालून उभे राहिले. कित्येक जण त्यांच्या अंगावर धांवून गेले, तेव्हां त्यांच्या रक्षणासाठीं ज्यांनीं हात पसरले ते गोपाळ कृष्ण गोखले होते. इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन यांनीं हें दृश्य नोंदवून ठेवलें आहे. इतक्यांत एक दक्षिणी जोडा उडाला व तो सुरेंद्रनाथ आणि मेहता या दोघांसहि लागला. जोडा सर्वांच्या लक्षांत राहिला, चिठ्ठी विसरली गेली.

मवाळांचें म्हणणें, अध्यक्षाची निवड आधींच झालेली, मंडपांतील विधि केवळ उपचार. त्या वेळीं तहकुबी मागतां येत नाहीं. यांत कांहीं तथ्य आहे. पण उपचारच असेल तर प्रतिनिधींचीं मतें कशास मागावीं? मालवींनीं चिठ्ठी वाचून दाखवून ती फेटाळण्याचा अधिकार सभेला दिला असता, तरी बहुमत बहुधा त्यांच्याच बाजूस गेलें असतें. वादांतील एक पक्षकारच पंचाच्या खुर्चीवर बसला होता, म्हणून त्याचें मौनहि पक्षपाती ठरलें. जहालांची बाजूहि निर्मळ नव्हती. आदल्या दिवशीं सुरेंद्रनाथांचें तोंड बंद पाडणाऱ्या त्यांच्या अनुयायांनीं दुसऱ्या दिवशीं भाषणाच्या हक्काची हांक दिली, तेव्हां ती विरुद्ध पक्षास खरी कशी वाटावी?

मवाळांनीं २८ डिसेंबरला निराळी परिषद भरविली, आणि १९०८ च्या एप्रिलांत अलाहाबादेस नवी घटना तयार केली. सनदशीर मार्गाच्या ध्येयपत्रिकेवर लेखी संमति दिल्याखेरीज प्रतिनिधि होतां येईना. मंडपांतील गोंगाट त्यामुळें थांबला; सभेचें तेजहि ओसरलें. १९१५ सालीं मुंबईस नियम सैल झाले व १९१६ सालीं लखनौस टिळक पुन्हां त्याच व्यासपीठावर आले.

नागपूरची हुकलेली सभा डिसेंबर १९२० मध्यें भरली. टिळक त्यापूर्वीं सुमारें पांचच महिने निवर्तले होते. प्रतिनिधि १४,००० हून अधिक आले. इतक्या जमावांत वाद चालवावयाचा तो कसा? तेथेंच नवी घटना मंजूर झाली: ५०,००० लोकसंख्येमागें एक प्रतिनिधि, आणि प्रांत भाषेवार. भंडारा जिल्हा मराठी मध्यप्रांतांत गेला, आणि फुलचूरच्या माणसाच्या वतीनें सभेंत कोण बोलणार, याला प्रथमच एक आंकडा मिळाला.