हिरवळ (बागकाम)

हिरवळ म्हणजे घर, संस्था किंवा उद्यान यांच्या आवारात मुद्दाम लावलेले आणि ठरावीक उंचीवर कापून राखलेले सलग गवत. बोलीत यास 'लॉन' असेही म्हणतात. युरोपातील थंड व दमट प्रदेशांत हिरवळीला वरून पाणी क्वचितच द्यावे लागते. महाराष्ट्राच्या पठारावर पाऊस मुख्यतः चार महिने पडतो, त्यामुळे येथील निगेचे वेळापत्रक वेगळे असते. या लेखात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील पिशोर आणि तत्सम कोरडवाहू, काळ्या मातीच्या भागांतील घरगुती हिरवळीची ऋतूनुसार माहिती दिली आहे.

हवामान व जमीन
जिल्ह्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सुमारे ७०० मिलिमीटर असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी माती ओल दीर्घकाळ धरते. मात्र पावसात ती चिकट होते व उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पाणी साचल्यास गवताची मुळे गुदमरतात. म्हणून लागवडीपूर्वी जमिनीला हलका उतार देतात आणि वरच्या थरात वाळू व कुजलेले शेणखत मिसळतात.

गवताची निवड
या भागाला सर्वांत मानवणारे गवत म्हणजे हरळी किंवा दूर्वा. तिचे शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे आहे. गणेशपूजेत वाहिली जाणारी ही वनस्पती शेतात मात्र त्रासदायक तण समजली जाते. तिची खोडे जमिनीवर पसरतात, तसेच जमिनीखालीही वाढतात. नांगरटीनंतर शेतकरी या 'काशा' वेचून काढतात, कारण राहिलेल्या तुकड्यातूनही नवे गवत फुटते. ज्या चिवटपणामुळे हरळी शेतात नकोशी होते, तोच हिरवळीत उपयोगी पडतो. तिला भरपूर ऊन लागते. दाट सावलीत ती विरळ होते. अशा जागी रुंद पानांचे कार्पेट गवत लावता येते, परंतु त्याला पाणी अधिक लागते.

पावसाळा
लागवडीस जून-जुलै हा काळ योग्य असतो. मुळे असलेले हरळीचे तुकडे ८ ते १० सेंटिमीटर अंतरावर टोचून लावतात. वाढ जोमात असताना साधारण दर आठवड्याला कापणी करावी लागते. एका वेळी पात्यांच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. कापणीनंतर ३ ते ४ सेंटिमीटर उंची राखणे घरगुती हिरवळीस पुरेसे असते. माती चिखलट असताना यंत्र किंवा रूळ फिरवल्यास ती दबते, म्हणून वाफसा येण्याची वाट पाहतात.

नत्रासाठी दर चौरस मीटरला सुमारे १० ग्रॅम युरिया ओलसर जमिनीवर सारखा पसरून लगेच पाणी देतात. युरियात ४६ टक्के नत्र असते. मात्रा वाढल्यास गवत करपते. लव्हाळा व गाजर गवत ही या काळातील प्रमुख तणे होत. गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी उपटावे. लव्हाळा मात्र जमिनीतील गाठींपासून पुन्हा फुटतो, म्हणून तो गाठींसह खणून काढावा लागतो.

हिवाळा
थंडी वाढताच हरळीची वाढ मंदावते. कापणी तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते आणि नत्रखताची गरज उरत नाही. पाणी सकाळी, पण कमी वेळा व खोलवर मुरेल असे द्यावे. रोज थोडे शिंपडल्यास मुळे वरच्या थरातच राहतात व पुढे उन्हाळा सोसत नाहीत. चुनखडीयुक्त जमिनीत लोहाच्या कमतरतेमुळे पाने पिवळी पडतात, यास शेतकरी 'केवडा' म्हणतात. त्यावर हिराकसाच्या सौम्य द्रावणाची फवारणी करतात.

उन्हाळा
पाणी तोडल्यास हरळी तपकिरी होते. हे गवत मेल्याचे लक्षण नसून बहुधा सुप्तावस्था असते. जमिनीखालील खोडे जिवंत राहतात व पहिल्या चांगल्या पावसानंतर नवे कोंब येतात. या काळात कापणी व खत थांबवावे, वावर कमी ठेवावा आणि शक्य असल्यास दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी द्यावे.

पाण्याचा हिशेब
एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर हिरवळीस आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी दिल्यास २,५०० लिटर लागतात. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरलेले आहे. त्या मानाने हे पाणी सहाहून अधिक व्यक्तींच्या आठवड्याच्या गरजेइतके होते.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले जात असताना क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे इंडियन प्रीमियर लीगचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. घरगुती पातळीवर हिरवळीचे क्षेत्र आटोपशीर ठेवणे, आंघोळीचे किंवा भाज्या धुतलेले पाणी वापरणे आणि उन्हाळ्यात गवत सुप्त होऊ देणे हे उपाय उपलब्ध आहेत. साबणाचे प्रमाण जास्त असलेले सांडपाणी सतत दिल्यास जमिनीतील क्षार वाढतात.

कीड
हुमणीच्या अळ्या मुळे खातात. त्यामुळे गवताचे पिवळे ठिगळ तयार होते व ते हाताने ओढल्यास सहज सुटून येते. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब व बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करून नष्ट करणे हा सोपा उपाय आहे.