संगणकावरील अधिकार आणि मराठी लिपी : नागपूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

संगणकावर कोणाला किती अधिकार असावेत, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. महाराष्ट्रात मात्र तो मराठीच्या लेखनव्यवहाराशीही निगडित राहिला. नागपूरच्या संदर्भात हे विशेष स्पष्ट होते. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन दरवर्षी येथे घेण्याचे ठरले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. त्यामुळे मराठी मजकुराची मुंबई-नागपूर ये-जा हा येथील प्रशासनाचा नित्याचा भाग बनला.

अधिकार-विभाजनाची पार्श्वभूमी

एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ होऊ लागली, तेव्हा वापरकर्त्यांचे अधिकार वेगळे करणे भाग पडले. युनिक्स प्रणालीत 'रूट' हे सर्वाधिकारी खाते इतरांहून भिन्न ठेवण्यात आले. १९७५ मध्ये साल्ट्झर आणि श्रोडर यांनी न्यूनतम अधिकाराचे तत्त्व मांडले : प्रत्येकास कामापुरतेच अधिकार असावेत. वैयक्तिक संगणकाने हे तत्त्व दीर्घकाळ बाजूस ठेवले. विंडोज ९८ मध्ये असा भेद वस्तुतः नव्हताच. विंडोज एनटीने १९९३ मध्ये स्वीकारलेली व्यवस्था विंडोज एक्सपीद्वारे २००१ मध्ये घरोघरी व कार्यालयांत पोहोचली. परंतु प्रणाली बसविताना निर्माण होणारी खाती मुळातच ॲडमिनिस्ट्रेटरची असत.

मराठी लेखनाची अडचण

त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक-साक्षरतेचा प्रसार केला. तथापि एक्सपीत देवनागरी नीट उमटण्यासाठी जटिल लिप्यांची सुविधा सामान्यतः स्वतंत्रपणे, मूळ सीडीवरून, बसवावी लागे. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आवश्यक होते. सी-डॅकची 'आयएसएम' किंवा मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' वापरावयाची तर फॉन्ट सामायिक फोल्डरमध्ये टाकणे, प्रसंगी हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर बसविणे, हेही मर्यादित खात्यातून शक्य नव्हते. या प्रणालींचे फॉन्ट-संकेत परस्परांशी जुळत नसत. एका ठिकाणी टंकलिखित केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत. दुसऱ्या गावाहून आलेला मसुदा तातडीने वाचावयाचा असेल, तर टंकलेखकास पूर्ण अधिकार देणे हाच सोपा उपाय ठरे. म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा सरसकट वापर केवळ निष्काळजीपणातून झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

जोखमीचे स्वरूप

वापरकर्त्याने चालविलेल्या विषाणूस त्या वापरकर्त्याचेच अधिकार मिळतात. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून चाललेला विषाणू संपूर्ण प्रणाली बदलू शकतो; मर्यादित खात्यात त्याची मजल सामान्यतः त्या व्यक्तीच्या फाइलींपुरती राहते. अर्थात मर्यादित खाते हे सर्वस्वी कवच नव्हे. ऑगस्ट २००३ मधील 'ब्लास्टर' प्रणालीच्याच एका सेवेतील दोषातून शिरला; तेथे खात्याचा प्रकार निरुपयोगी होता. शिवाय वापरकर्त्याची स्वतःची कागदपत्रे मर्यादित खात्यातही असुरक्षित राहतात.

परिवर्तन व निष्कर्ष

२००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टात जटिल लिप्या मुळातच समाविष्ट होत्या. तसेच ॲडमिनिस्ट्रेटरचेही दैनंदिन काम सामान्य अधिकारांनी चालून प्रणालीत बदल करताना संमती मागितली जाऊ लागली. युनिकोडच्या प्रसाराने फॉन्टवरील अवलंबन घटले. २०१८ मध्ये विंडोज १० मध्ये स्वतःपुरता फॉन्ट बसविण्याची सोयही मिळाली.

सुरक्षितता आणि स्वभाषा यांतील हा विरोध स्वाभाविक नव्हता. भाषेला प्रणालीचे अंग न मानता जोडवस्तू मानल्यामुळे तो निर्माण झाला. आपल्या लिपीत लिहिण्यासाठी यंत्राची संपूर्ण सत्ता मागावी लागली, हा त्या रचनेचा दोष होता. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत आजही एखाद्या सॉफ्टवेअरसाठी सर्वांना पूर्ण अधिकार देण्याची मागणी होते, तेव्हा ती नाकारण्यापूर्वी वा मान्य करण्यापूर्वी ती कोणत्या वास्तविक गरजेतून आली आहे, हे तपासणे हाच या इतिहासाचा बोध होय.