ड्राफ्टचे गणित आणि पेठांचा फुटबॉल

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या पेठांमधील कट्ट्यांवर एकच विषय सुरू होतो. यंदा कोणता खेळाडू कोणत्या तालमीकडून उतरणार? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी अशा संघांचे समर्थक आपापली अकरा नावे कागदावर मांडतात, खोडतात आणि पुन्हा मांडतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या 'केएसए'कडे खेळाडूंची नोंदणी पूर्ण होईपर्यंत यातील कोणताही कागद खरा नसतो. काल ज्याच्या भरवशावर आक्रमणाची फळी रचली, तो आज दुसऱ्याच पेठेत सराव करताना दिसू शकतो.

संघबांधणीतील ही अनिश्चितता जगभर आहे. तिच्यावर उपाय म्हणून व्यावसायिक खेळांनी जी पद्धत शोधली, तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. उपलब्ध खेळाडूंची एकच सामाईक यादी करायची आणि संघांनी ठरलेल्या क्रमाने, पाळीपाळीने त्यातून एकेक खेळाडू निवडायचा, एवढाच तिचा अर्थ. लिलावात ज्याची थैली मोठी त्याची सरशी होते. ड्राफ्टमध्ये पैशापेक्षा पाळीला महत्त्व असते. बहुतेक ठिकाणी आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पाळी दिली जाते, जेणेकरून दुबळा संघ सावरावा आणि स्पर्धेतील चुरस टिकावी.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतला. तेथे ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्या फुटबॉलहून वेगळा, हातात चेंडू घेऊन खेळला जाणारा. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांचा संघ हरत होता आणि चांगले खेळाडू बड्या संघांकडेच जात होते, तेव्हा या समतेच्या विचारामागे स्वतःची अडचणही होती, हे उघड आहे. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला आणि पहिली पाळी अर्थातच ईगल्सची आली. त्यांनी जे बरवांगर या त्या वेळच्या सर्वांत नावाजलेल्या महाविद्यालयीन खेळाडूची निवड केली. हा गृहस्थ व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही! ड्राफ्टच्या इतिहासातील पहिलीच निवड अशी वाया गेली. याच्या उलट टोकाचे उदाहरण टॉम ब्रेडीचे. २००० च्या ड्राफ्टमध्ये १९८ खेळाडू निवडून झाल्यावर त्याचा क्रमांक लागला आणि पुढे तो त्या खेळातील सर्वांत यशस्वी खेळाडू ठरला.

मुंबईतील तीन उन्हाळे

भारतीय फुटबॉलमध्ये ही पद्धत इंडियन सुपर लीगने, म्हणजे आयएसएलने आणली. स्पर्धेचा पहिला हंगाम ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाला. त्याआधी जुलैमध्ये मुंबईत भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला आणि त्यात ८४ नावे होती. मात्र देशातील सर्वांत मोठे नाव त्या हंगामात दिसलेच नाही. सुनील छेत्री तेव्हा आय-लीगमधील बंगळुरू एफसीकडे होता आणि त्या क्लबने आपले खेळाडू सोडले नव्हते. आयएसएलच्या संघांनी कितीही अभ्यास केला असता तरी ज्याचे नाव यादीतच नाही त्याला निवडणार कसे? संघबांधणी करणाऱ्याचा पहिला प्रश्न 'कोण चांगला' हा नसून 'कोण उपलब्ध' हा असतो, याचा हा पहिलाच धडा होता.

पुढच्या वर्षी, १० जुलै २०१५ रोजी आयोजकांनी मिश्र पद्धत वापरली. दहा प्रमुख भारतीय खेळाडूंचा लिलाव आणि उरलेल्यांचा ड्राफ्ट. ८० लाखांची पायाभूत किंमत असलेल्या छेत्रीला मुंबई सिटी एफसीने १ कोटी २० लाख रुपयांना घेतले. खरे आश्चर्य पुण्याने घडवले. साडेसत्तावीस लाखांच्या पायाभूत किमतीवर बोली सुरू झालेल्या यूजिनसन लिंगडोहसाठी एफसी पुणे सिटीने १ कोटी ५ लाख मोजले, शिवाय जॅकीचंद सिंगला ४५ लाखांत आपल्याकडे ओढले. छेत्रीने त्या हंगामात मुंबईकडून सात गोल केले आणि आयएसएलमध्ये हॅट्ट्रिक नोंदवणारा तो पहिला भारतीय ठरला. तरीही त्या वर्षी महाराष्ट्राच्या दोन्ही संघांना उपांत्य फेरी गाठता आली नाही. एका मोठ्या नावावर संघ उभा राहत नाही, हे तालमीच्या कट्ट्यावर बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. फ्रँचायझींना ते कळायला कोटभर रुपये लागले.

अनिश्चिततेचा कळस मात्र २०१७ मध्ये झाला. त्या वर्षी बंगळुरू आणि जमशेदपूर हे दोन संघ नव्याने आल्याने आठाचे दहा संघ झाले. त्याच वेळी मैदानावरील परदेशी खेळाडूंची मर्यादा सहावरून पाचवर आली. याचा हिशेब सोपा, पण परिणाम दूरगामी होता. आधी आठ संघांना प्रत्येकी पाच, म्हणजे ४० भारतीय खेळाडू सुरुवातीच्या अकरांत लागत होते. आता दहा संघांना प्रत्येकी सहा, म्हणजे ६० लागणार होते. एका वर्षात मागणी दीडपट झाली, पण तेवढ्या दर्जाचे खेळाडू एका वर्षात तयार होत नसतात. त्यातच आयएसएल आणि आय-लीग या दोन्ही स्पर्धा एकाच वेळी खेळवण्याचे ठरले. पूर्वी एकच खेळाडू दोन्हीकडे खेळत असे, ती सोय संपली. खेळाडूला एक दार निवडणे भाग पडले.

२३ जुलै २०१७ रोजी मुंबईत ड्राफ्टला सुरुवात झाली तेव्हा यादीत दोनशेहून अधिक नावे होती. पण पहिली पाळी येण्याआधीच कित्येक मोहरे पटावरून उचलले गेले होते. प्रत्येक संघाला जास्तीत जास्त दोन वरिष्ठ भारतीय खेळाडू आपल्याकडे राखण्याची मुभा होती. बंगळुरूने छेत्री आणि उदांता सिंग यांना, केरळने सी. के. विनीत आणि संदेश झिंगन यांना, तर गोव्याने लक्ष्मीकांत कट्टीमणी आणि मंदार राव देसाई यांना राखले. ज्यांनी खेळाडू राखले नाहीत त्यांना आधी निवड करण्याची संधी मिळाली. जमशेदपूरने ती साधून बचावपटू अनस एडाथोडिकाला घेतले. त्याची ठरलेली किंमत १ कोटी १० लाख होती. तेवढ्याच किमतीचा लिंगडोह कोलकात्याच्या एटीकेकडे गेला, पण दुखापतीमुळे त्या हंगामात तो फारसा खेळू शकला नाही आणि एटीके दहा संघांत नवव्या स्थानी राहिला.

पाळीचे गणित

ड्राफ्टमध्ये पाळी कोणती आली यावर डाव कसा बदलतो, हे एका उदाहरणावरून कळेल. दहा संघ आहेत आणि क्रम सापासारखा वळतो असे धरू, म्हणजे पहिल्या फेरीत शेवटी असलेला संघ दुसऱ्या फेरीत पहिला. अशा वेळी पहिल्या संघाची पुढची पाळी थेट विसावी येते आणि मधल्या काळात १८ खेळाडू निघून जातात. दहाव्या संघाला मात्र दहावा आणि अकरावा असे दोन खेळाडू लागोपाठ मिळतात. पहिल्या संघाने हिरा उचलायचा आणि नंतर जे उरेल त्यावर भागवायचे. दहाव्याने जोडी जमवायची, उदाहरणार्थ, एकमेकांना पूरक असे दोन मध्यरक्षक.

मधल्या पाळीच्या संघाची अवस्था सर्वांत कठीण. त्याला दुसऱ्यांच्या मनातले ओळखावे लागते. म्हणून जाणकार व्यवस्थापक खेळाडूंची एक ते शंभर अशी सरळ उतरंड लावत नाहीत. ते गट पाडतात. एका गटातील चार डाव्या बचावपटूंमध्ये विशेष फरक नसेल, तर त्यातला एक तरी आपल्या पाळीपर्यंत उरेलच, अशा भरवशावर थांबता येते. पण गटात एकच नाव असेल आणि पुढचा गट बराच खाली असेल, तर थांबणे म्हणजे जुगार. आयएसएलचे संघ परदेशी खेळाडूंच्या जागा प्रामुख्याने आक्रमणात आणि मध्यफळीत वापरत आले आहेत. त्यामुळे गोलरक्षक आणि दोन्ही कडांचे बचावपटू भारतीयच लागतात. दहा संघांनी प्रत्येकी दोन गोलरक्षक घ्यायचे म्हटले तरी वीस झाले. देशात भरवशाचे वीस गोलरक्षक आहेत का, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल. एका संघाने गोलरक्षक उचलला की बाकीच्यांच्या पोटात गोळा येतो आणि पाठोपाठ तीन-चार गोलरक्षक संपतात. अशा घबराटीत सापडू नये म्हणून एक तर दोन पावले आधी निवड करावी, नाही तर ती लाट ओसरू द्यावी. लाटेच्या मधोमध उडी घेणारा हमखास महागात पडतो.

'गरज आहे तो घ्यावा की सर्वांत चांगला असेल तो घ्यावा' हा वाद प्रत्येक ड्राफ्टमध्ये होतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत गुणवत्ता आणि नंतरच्या फेऱ्यांत गरज, हे त्यावरचे सर्वमान्य उत्तर. ते कागदावर सोपे आहे. टेबलावर बसून मिनिटामिनिटाला नावे खोडली जात असताना ते पाळणारे थोडेच.

२०१७ नंतर आयएसएलमध्ये असा ड्राफ्ट झाला नाही. संघ थेट करार करू लागले. पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये प्रथमच उपांत्य फेरी गाठली. तेथे बंगळुरूने त्यांना हरवले आणि निर्णायक सामन्यात हॅट्ट्रिक होती तीही छेत्रीची. २०१९ मध्ये पुण्याचा संघच राहिला नाही. त्याची जागा हैदराबादने घेतली.

तालमीचा करार

या साऱ्यात कोल्हापूर कोठे होते? ड्राफ्टच्या याद्या मुख्यतः देशातील व्यावसायिक क्लबांशी करारबद्ध असलेल्या खेळाडूंच्या होत्या. शाहू स्टेडियमवर हजारोंच्या गर्दीसमोर खेळणारा मुलगा कितीही गुणी असला तरी त्या यादीत शिरायचे तर त्याला आधी कोल्हापूर सोडणे भाग होते. अनिकेत जाधव या कोल्हापूरच्या खेळाडूची वाटचाल पाहावी. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पुढे इंडियन ॲरोज आणि मग जमशेदपूर असा तो आयएसएलमध्ये पोहोचला. तो पोहोचला तोवर ड्राफ्टचे दिवस संपले होते.

कोल्हापूरचा आपला बाजार वेगळ्याच रीतीने चालतो. केएसएची स्थापना १९४० ची, आणि तेव्हापासून येथील फुटबॉल तालमींच्या आणि पेठांच्या आधाराने वाढला. वरिष्ठ गटात १६ संघ. साखळी स्पर्धा आणि त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत चालणाऱ्या बाद पद्धतीच्या स्पर्धा, असा हंगामाचा क्रम. खेळाडूची निवड पाळीने होत नाही. ती घरी जाऊन, वडीलधाऱ्यांशी बोलून, मित्रांच्या शब्दावर, आणि अलीकडच्या काळात रकमेवरही होते. अनिश्चितताही इथली खास आहे. बारावीची परीक्षा ऐन हंगामात येते. एखाद्याला पुण्या-मुंबईच्या क्लबकडून बोलावणे येते, एखादा संतोष करंडकासाठी राज्याच्या शिबिरात जातो, एखाद्याला नोकरी लागते. २०१० नंतरच्या दशकात नायजेरियासह आफ्रिकी देशांतील खेळाडू पेठांच्या संघांत दिसू लागले, तशी व्हिसा आणि आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र यांचीही चिंता आली. तो खेळाडू विमानतळावर उतरला तरी कागद पूर्ण होईपर्यंत मैदानात उतरू शकत नाही.

मग इथेही ड्राफ्ट असावा काय? विचार म्हणून तो मोहक आहे. दोन-तीन बलाढ्य संघांकडे चांगल्या खेळाडूंची गर्दी होते, त्यातील काही जण हंगामभर राखीव बाकावर बसतात आणि तळाच्या संघांना गोलरक्षक शोधत फिरावे लागते. त्यांच्या डोक्यावर खालच्या गटात जाण्याची टांगती तलवार असते. पाळीने निवड झाली तर ही दरी बुजेल, यात शंका नाही. परंतु ज्या मुलाचे आजोबा आणि वडील एकाच तालमीकडून खेळले, त्याला पाळी दुसऱ्याची होती म्हणून समोरच्या पेठेची जर्सी चढवायला सांगणे कोणाला जमेल? अमेरिकेतील संघाला शहर बदलता येते, पुण्याच्या संघाचे हैदराबाद होते. तालमीला पेठ बदलता येत नाही. या फुटबॉलची गर्दी त्या ईर्ष्येतून येते आणि भांडणेही त्याच ईर्ष्येतून होतात.

त्यापेक्षा मधला मार्ग व्यवहार्य दिसतो. बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर केएसएने वेळोवेळी मर्यादा घातल्या आहेत. पेठेबाहेरच्या या खेळाडूंपुरती तरी पाळीची पद्धत आणली, तर पहिली निवड तळाच्या संघाला देता येईल आणि घरच्या मुलांना हात लागणार नाही. ज्या लहान मंडळांकडे पैसा नाही त्यांच्याकडे एक तरी भरवशाचा बचावपटू येईल. याला मोठ्या तालमी सहजी तयार होतील असे नाही. बर्ट बेल यांनाही आपली कल्पना गळी उतरवताना जिंकणाऱ्या संघांच्या मालकांची संमती मिळवावी लागली होती. ती त्यांनी दिली, कारण एकतर्फी सामन्यांना प्रेक्षक येत नाहीत, हे त्यांच्या तिकीट खिडकीने त्यांना दाखवून दिले होते. शाहू स्टेडियमवर अजून तशी वेळ आलेली नाही.